सकाळची थरथर

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी पहिल्या स्टार्टला थरथरते. रेस वर-खाली होते, स्टिअरिंगमध्ये आणि सीटमध्ये ती थरथर जाणवते, कधीकधी बंदच पडते. पुन्हा सेल्फ मारायचा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून जरा वेळ धरून ठेवायची. दोन-तीन मिनिटं गेली की सगळं शांत. मग दिवसभर कुठेही न्या, सिग्नलला उभी करा, घाट चढवा, हूं की चूं नाही. गॅरेजच्या भाषेत याला 'थंड्यात मिसिंग' म्हणतात. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कारण हा आजार मला नुसता गाडीचा वाटत नाही. दुरुस्ती म्हणजे काय, आपण कशाचे पैसे आनंदाने देतो आणि कशाचे देताना कपाळाला आठ्या घालतो, ते सगळं यात उघडं पडतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या आजारात पार्ट बदलायच्या आधी निदान व्हायला हवं, आणि त्या निदानाला एक रात्र लागते. ती रात्र द्यायला कुणीच तयार नसतं. गिऱ्हाईक नसतं आणि गॅरेजवालाही नसतो. मग जे होतं ते अंदाजपंचे होतं, आणि त्याचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर फाटतं.

बघा ना, गंमत कशी आहे. गाडी थरथरते सकाळी सातला, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गॅरेज उघडतं साडेनऊ-दहाला. तुम्ही गाडी चालवत तिथे नेता. म्हणजे पोचेपर्यंत इंजिन ८०-९० अंशांवर. मेकॅनिक बॉनेट उघडतो, कान देतो, दोनदा रेस करतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी तर मस्त चाललीये." खोटं बोलत नाही तो. रोगी दवाखान्यात पोचेपर्यंत खडखडीत बरा झालेला असतो. आता त्या बिचाऱ्याने काय करावं? तुम्ही तक्रार घेऊन आलात म्हणजे काहीतरी करणं भाग आहे. मग प्लग बदलले जातात, थ्रॉटल बॉडी साफ होते, एअर फिल्टर तर होतोच होतो. संध्याकाळी गाडी परत. सकाळी पुन्हा तेच.

आता जरा इंजिनच्या पोटात शिरू. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पेट्रोल जळतं ते त्याच्या वाफेमुळे, द्रव पेट्रोल जळत नाही. इंजिन गरम असताना फवारलेल्या पेट्रोलची वाफ चटकन होते. इंजिन थंड असलं की त्यातलं बरंचसं इनटेकच्या थंड भिंतींना चिकटून बसतं, ऐन कामाला पोचतच नाही. म्हणून थंड इंजिनला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल द्यावं लागतं. शिवाय थंड ऑइल जाड असतं, सगळे भाग जड फिरतात, त्यामुळे आयडलिंगही चढं ठेवावं लागतं. गरम गाडी ७००-८५० आरपीएमवर निवांत उभी राहते, तीच थंड असताना १२००-१५०० ला असते आणि हळूहळू खाली येते. सकाळी आपली गाडी जरा मोठ्याने बोलते ते यामुळे. तो आजार नव्हे.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे जास्तीचं पेट्रोल द्यायचं काम माणसाच्या हातात होतं. डॅशबोर्डखालची चोकची मूठ ओढायची, गाडी चालू करायची, आणि इंजिन सावरलं की मूठ हळूहळू आत ढकलायची. किती ओढायची आणि कधी सोडायची याचं ज्ञान घराघरात होतं. वडिलांकडून मुलाकडे जायचं. जुन्या चेतक स्कूटरला तिरकी करून मग किक मारणारी पिढीही तीच. त्यातला शास्त्राचा भाग किती आणि श्रद्धेचा किती हा वादाचा विषय आहे, पण एक गोष्ट पक्की होती. इंजिन थंड आहे म्हणजे वेगळं आहे, हे चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

मग २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. चोकची मूठ गेली. तिचं काम एका लहानशा सेन्सरकडे आलं. इंजिनच्या कूलंटमध्ये बोटाच्या पेराएवढा हा सेन्सर बुडालेला असतो आणि तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या संगणकाला, सांगतो की इंजिन किती गरम आहे. त्यावरून ईसीयू ठरवतो, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि आयडलिंगला हवा किती सोडायची. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मिश्रण बरोबर आहे की नाही ते ईसीयूला उलट कळवत राहतो. पण तो स्वतः साधारण ३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे पहिलं अर्धं-एक मिनिट ईसीयू डोळे मिटून गाडी चालवतो. त्या वेळात त्याचा भरवसा कूलंटच्या सेन्सरवर, हवेच्या मोजमापावर आणि आधी शिकून ठेवलेल्या आकड्यांवर. ऑक्सिजन सेन्सर जागा झाला की बऱ्याच चुका सावरल्या जातात. थंड्यात होणारी आणि गरम झाल्यावर जाणारी थरथर याच सुरुवातीच्या काळात लपलेली असते.

गॅरेजमध्ये हा मुद्दा मी बोलून दाखवला की दोन प्रकारची उत्तरं येतात. एक, "कॉम्प्युटर लावून बघितला, काही कोड नाही." दोन, "आजकालच्या गाड्या, काय सांगणार!" दुसऱ्यावर बोलायला नको. पहिल्यावर मात्र बोलायला हवं. कारण स्कॅनर ही या काळातली सगळ्यात गैरसमज झालेली वस्तू आहे.

हे माझ्या मेव्हण्याच्या गाडीवरून सांगतो. नाशिकची गाडी, दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. डिसेंबर-जानेवारीत तिकडे थंडी चांगली पडते, जवळच्या निफाडला तर पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात. गाडीला हीच सकाळची थरथर. दोन महिन्यांत तिला चार नवे प्लग, दोन इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि शेवटी पेट्रोल पंप, इतकं सगळं झालं. बिलांची बेरीज साडेचौदा हजार. प्रत्येक वेळी स्कॅनर लावला होता, प्रत्येक वेळी कोड शून्य. सगळं करणारं गॅरेज काही भुरटं नव्हतं, चांगलं काचेच्या केबिनवालं होतं.

मग कुणीतरी त्याला नाशिकरोडकडच्या एका जुन्या मेकॅनिककडे पाठवलं. पासष्टीचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणतात. गाडी बघायच्या आधी चाचांनी नुसतं विचारलं, किती वेळ थरथरते, रेस आपोआप चढते की नाही, धूर कसला येतो, पाणी कमी होतं का. आणि म्हणाले, "गाडी आज रात्री इथेच ठेवा. सकाळी मी आल्याशिवाय कुणी चावीला हात लावायचा नाही."

सकाळी मेव्हण्याच्या हट्टाखातर मीही गेलो होतो. हवा बारा-तेरा अंश असेल. चाचांच्या पोराने ब्लूटूथचं डोंगल लावलं, चावी फक्त ऑनपर्यंत फिरवली. सेल्फ नाही. मोबाइलवर दोन आकडे बघितले. आत येणाऱ्या हवेचं तापमान १३. कूलंटचं तापमान ४४.

आता रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीचं पाणी ४४ अंश कसं असेल? हवा, पाणी, लोखंड सगळं एकाच तापमानाला आलेलं असणार. दोन्ही आकडे दोन-चार अंशांच्या फरकाने सारखे दिसायला हवेत. एकजण खोटं बोलतोय, आणि बोनेटला हात लावला तरी कळत होतं कोण. ईसीयूला वाटत होतं, इंजिन कोमट आहे, जास्त पेट्रोलची गरज नाही. थंड इंजिन अर्धपोटी चालत होतं, म्हणून थरथरत होतं. तपासणीला लागलेला वेळ असेल चार मिनिटं. त्याच्या आधी मात्र एक पूर्ण रात्र.

कोड का आला नाही, हे त्याहून महत्त्वाचं. ईसीयू कोड देतो तो सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, म्हणजे अशक्य आकडा आला तर. ४४ हा अशक्य आकडा नाही. दुपारी दोन तास उभ्या केलेल्या गाडीत तो अगदी खरा असतो. सेन्सर पटण्यासारखं खोटं बोलला तर संगणकाला ते पकडता येईलच असं नाही, विशेषतः जुन्या गाड्यांत. आणि गरम झाल्यावर सगळं ठीक का? या सेन्सरचा विद्युत रोध थंड असताना मोठा असतो, २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, आणि ८० अंशांना तो तीनशेच्या घरात येतो. त्या गाडीच्या कनेक्टरमध्ये कूलंट झिरपलं होतं. त्या ओलीतून थोडा प्रवाह आडवाटेने जात होता. थंड्यात, जेव्हा सेन्सरचा स्वतःचा रोध मोठा, तेव्हा ही आडवाट फार मोठा घोटाळा करते. गरम असताना तिचा परिणाम चार-सहा अंशांचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणजे बिघाड दिवसभर तिथेच होता, दिसत होता फक्त सकाळी.

नवा सेन्सर आणि कनेक्टर मिळून हजाराच्या आत आले. चाचांनी मजुरीचे सातशे सांगितले. आणि आमचे मेव्हणे, ज्यांनी काचेच्या केबिनमध्ये साडेचौदा हजार हसत दिले होते, ते म्हणाले, "चाचा, सेन्सर बदलायचे सातशे? दहा मिनिटांचं तर काम!"

इथे माझा मूळ मुद्दा येतो. आपल्याला पार्ट दिसतो. तो खोक्यात येतो, त्यावर एमआरपी असते, जुना पार्ट डिकीत टाकून आपल्या ताब्यात मिळतो. विचार दिसत नाही. त्यामुळे आपण पार्टचे पैसे देतो आणि विचाराच्या पैशांवर घासाघीस करतो. गॅरेजवालाही काही मूर्ख नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच तो विकणार. निदानाची वेगळी रक्कम लिहिली की गिऱ्हाईक भांडतं, तीच रक्कम दोन कॉइलमध्ये मिळवली की कुणी ब्र काढत नाही. मग तो कॉइल विकतो. यात गॅरेजवाल्याच्या लबाडीचा भाग आहे, नाही असं नाही, पण मला तो लहान वाटतो. मोठा भाग आपल्या बिल वाचायच्या सवयीचा आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत आपण असं करत नाही. त्यांनी नुसतं तपासून "काही नाही, आराम करा" म्हटलं तरी फी देऊन येतो. आपल्याकडे तर रोगाचं निदान हा वेगळा अभ्यास मानला गेला आहे. आयुर्वेदात माधवनिदान नावाचा जवळजवळ बाराशे-तेराशे वर्षं जुना ग्रंथ आहे, त्यात रोग ओळखायचा कसा एवढंच आहे, औषधोपचार नाहीत. गॅरेजात मात्र आपण थेट औषधापासून सुरुवात करतो, आणि एक लागू पडलं नाही की दुसरं.

असो. सेन्सरच दोषी असतो असं कुणी समजू नये, म्हणून बाकीच्या संशयितांबद्दलही थोडं.

रबरी नळ्या आणि गॅस्केट हा नेहमीचा प्रकार. गॅरेजात म्हणतात, "एअर घेतंय." दहा वर्षांनी रबर कडक होतं, थंडीत आकसतं, आणि जोडातून न मोजलेली हवा आत येते. इंजिन तापलं की रबर आणि धातू फुगून तीच फट बुजते. म्हणून हाही सकाळचाच आजार. यात एक बारकावा आहे. काही गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजली जाते, तिथे अशी चोरटी हवा मोजमापातच येत नाही, पेट्रोल कमी पडतं आणि गाडी अडखळते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा हिशेब करतात. तिथे हवा घेतली की आयडलिंग उलट चढलेलं राहतं, थरथर दिसते ती फट एखाद्या सिलिंडरच्या अगदी जवळ असली तर. म्हणजे दोन गाड्यांत एकच बिघाड आणि लक्षणं वेगळी. थंड इंजिनवर जोडांच्या आसपास साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून बघतात, आयडलिंग बदललं की फट सापडली. फवारा वायरी आणि कॉइलपासून लांब ठेवायचा. कार्ब क्लीनरही मारतात, पण ते पेटतं, आणि ज्याच्या हाताशी आग विझवायचं काही नाही त्याने तो उद्योग करू नये.

प्लग-कॉइलचा संशय असेल तर नवीन घ्यायच्या आधी एक फुकटची परीक्षा आहे. स्कॅनर सांगतो की दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय, तर दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसिंग तीनवर गेलं तर कॉइल दोषी. दोनवरच राहिलं तर कॉइल निर्दोष, पुढे चला. याला पैसे शून्य, फक्त पुन्हा एक रात्र. मेव्हण्याच्या दोन कॉइल यात वाचल्या असत्या.

इंजेक्टर रात्रभर ठिबकत असेल तर सकाळी एक सिलिंडर पेट्रोलने ओला होतो. सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, चालू होताच काळपट धूर आणि पेट्रोलचा वास येतो. प्लग काढले तर एकच ओला निघतो. इनटेक व्हॉल्व्हवर जमलेला कार्बनही हेच नाटक दुसऱ्या बाजूने करतो. तो स्पंजासारखा असतो, थंड असताना फवारलेलं पेट्रोल शोषून घेतो आणि इंजिन उपाशी राहतं.

सीएनजीवाल्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. बऱ्याच सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि इंजिन थोडं तापलं की आपोआप गॅसवर जातात. म्हणजे पेट्रोलची सगळी यंत्रणा दिवसातून दोन-तीन मिनिटं चालते, तीही इंजिनच्या सगळ्यात नाजूक वेळी. मालक पाचशेचं पेट्रोल टाकतो आणि तीन महिने काढतो. टाकीत शिळं पेट्रोल, इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटा. मग सकाळी थरथर होणार नाही तर काय? अशा गाडीने आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर पळावं, आणि टाकी महिनोन्‌महिने तळाशी ठेवू नये. हा सल्ला दिला की सीएनजीवाले माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना सोनं विकायला सांगतोय.

आणि आता इथेनॉल. हा विषय काढला की चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर बहुतेक ठिकाणी तेच मिळायला लागलं. तेव्हापासून गाडीला काहीही झालं की बोट इथेनॉलकडे. साखर कारखान्यांच्या या राज्यात तर त्याला राजकारणाचाही वास येतो. माझं मत विचाराल तर तक्रारीत थोडं तथ्य आहे, पण ती निदानाची जागा घेऊ शकत नाही. तथ्य असं की इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट उष्णता लागते, आणि तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. गरम इंजिनमध्ये ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. थंड्यात, तो झोपलेला असताना, जुन्या हिशेबावर बेतलेली गाडी थोडी अर्धपोटी राहू शकते. ब्राझीलमध्ये १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी विकल्या गेल्या. थंडीत चालू व्हावं म्हणून त्यांच्यात पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी ठेवत. म्हणजे प्रश्न खरा आहे. पण तिथे ते जवळजवळ शंभर टक्के होतं, इथे वीस आहे. आणि त्याच पंपावर भरणाऱ्या शेजारच्या चार गाड्या सकाळी गुपचूप चालू होत असतील, तर तुमच्या गाडीचं दुखणं दुसरं आहे. इथेनॉलने फार तर आधीपासूनचा कमकुवतपणा उघड केला. 'पेट्रोलच खराब आहे हो' म्हणून बॉनेट बंद करणारा मेकॅनिक आणि 'कॉइल बदलून बघू' म्हणणारा मेकॅनिक, दोघेही तेच टाळताहेत.

'असू दे, दोन मिनिटांनी होते की नीट' हा तिसरा पक्ष. बहुसंख्य लोक यातच मोडतात. तेही पाच-पाच मिनिटं गाडी जागेवर 'गरम करत' ठेवतात. ही सवय चोकच्या काळातली. इंजेक्शनच्या गाडीला अर्धं मिनिट पुरतं, मग हलक्या पायाने निघायचं, चालता चालता ती लवकर तापते. जागेवर ठेवून जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि खाली जाऊन ऑइल पातळ करतं. बंद पार्किंगमध्ये तर हे करूच नये, तो धूर विषारी असतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय मिसिंग म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाणं. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ते पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू लागते. हजाराच्या सेन्सरसाठी केलेला आळस असा कित्येक हजारांवर जातो.

तर करायचं काय? गाडी गॅरेजला न्यायच्या आधी दोन सकाळी नीट बघा. हवा किती थंड होती, चालू होताच आरपीएम कितीवर गेलं, किती सेकंदांनी सावरलं, धुराचा रंग, वास. आरपीएमचा काटा दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आवाजासकट. मेकॅनिकने कधीच न पाहिलेली गोष्ट त्याला दाखवायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग. मग त्याला सांगा की आजची रात्र गाडी तुमच्याकडे, सकाळी पहिला स्टार्ट तुम्ही करा, आणि तपासणीचे वेगळे पैसे मी देतो, पार्ट बदलला नाही तरी देतो. हे शेवटचं वाक्य मी दोन-तीन गॅरेजांत बोलून पाहिलंय. समोरचा आधी दचकतो. मग स्टूल ओढून बसतो आणि प्रश्न विचारायला लागतो. त्या प्रश्नांवरूनच कळतं, गाडी कुणाच्या हातात द्यायची.

चाचांना सातशे मिळाले, मी मेव्हण्याला कोपर मारल्यावर. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याने ती जुनी बिलं घेऊन काचेच्या केबिनमध्ये जाऊन भांडायचं ठरवलं होतं. गेला नाही. कॉइल आणि पंप नवे आहेत, चालतील पुढची दहा वर्षं, असं स्वतःलाच समजावत होता.

एक प्रसंग मात्र असा, की त्यात रात्रीची वाट बघत बसायचं नाही. सकाळी थरथर, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, त्याला गोडसर वास, आणि कूलंटची पातळी दर आठवड्याला खाली. थंडीत थोडी पांढरी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात आणि ती दोन मिनिटांत जाते, तिच्याबद्दल मी बोलत नाही. हा धूर रेंगाळतो. हेड गॅस्केटमधून रात्री पाणी सिलिंडरमध्ये झिरपतंय असा त्याचा अर्थ असू शकतो. पाणी जास्त साचलं असेल तर सेल्फ मारताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.